तीन पावलांपुरता उजेड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



आज मी कवितेवर बोलणार नाही, बॅटरीवर बोलणार आहे. शब्दकोशातली 'विजेरी', शहरातला 'टॉर्च' आणि आमच्या खानदेशातली 'बॅटरी' ही एकच वस्तू. नरडाण्याच्या दुकानात विजेरी मागितली तर दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहील, म्हणून मी बॅटरीच म्हणतो. खिशात पाचशे रुपये आहेत आणि भरपूर उजेडाची एलईडी बॅटरी घ्यायची आहे, तर काय पाहून घ्यावी, एवढाच आजचा विषय. विषय लहान वाटेल. पण ज्याला रात्री अकरा वाजता कापसाला पाणी भरायला जायचं आहे, त्याला तो लहान वाटणार नाही.

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं गाव. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो. सुरत-भुसावळ लोहमार्गावर आमचं स्टेशन आहे. औद्योगिक वसाहतही आहे. त्यामुळे रात्री दिव्यांना तोटा नाही. हॉटेलांच्या पाट्या लखलखतात, ट्रकांचे झोत डोळ्यांवर येतात. पण रस्ता सोडून शिवाराच्या पायवाटेला लागलं की दहाव्या मिनिटाला आपलाच हात आपल्याला दिसत नाही.

आणि त्या पायवाटेने रात्री माणसं जातात. शेतीपंपाची थ्री फेज वीज आपल्याकडे वर्षानुवर्षं पाळीपाळीने मिळत आली आहे. दिवसा असली तर आठ तास, रात्री असली तर दहा तास. पाळी रात्रीची आली की पीक थांबत नाही, माणसाला उठावं लागतं. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिचा पुढचा टप्पा सुरू केला. ज्यांना दिवसाची वीज मिळाली त्यांची रातपाळी सुटली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण शेतातलं रात्रीचं काम केवळ मोटारीपुरतं नसतं. रानडुकरांची राखण असते, खळ्यावर माल पडलेला असतो, गोठ्यात गाय व्यायला झालेली असते. उजेड लागतोच.

या अंधारात सगळ्यात मोठी भीती असते ती पायाखालच्या जनावराची. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्या देशातले चार प्रमुख विषारी साप. त्यातली मण्यार तर रात्रीच फिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, म्हणून माणूस 'काही तरी चावलं असेल' म्हणून पुन्हा झोपतो आणि पहाटे त्याच्या पापण्या उघडत नाहीत. फुरसं वीतभर-हातभर लांब, अगदी मातीच्या रंगाचं. देशभरातल्या मृत्यूंच्या कारणांचा मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं आहे. लस, दवाखाने, प्रशिक्षण हे सगळं त्यात आहे आणि ते हवंच. पण दंश होण्याच्या आधीचा जो एक क्षण असतो, पाऊल उचललेलं आणि अजून टेकलेलं नाही, त्या क्षणी उपयोगी पडते ती पायातली गमबूट, हातातली काठी आणि बॅटरी.

आता बाजाराकडे येऊ. पूर्वी निवड सोपी होती. दोन सेलची किंवा तीन सेलची, पत्र्याची किंवा पितळेची. एव्हरेडी आणि जीप ही नावं घराघरांत होती. आत एक इवलासा बल्ब असायचा. त्याचा उजेड पिवळा आणि बेताचाच, पंधरा-वीस ल्यूमेनचा. ल्यूमेन हे एकूण उजेडाचं माप. एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्यूमेन धरा. घरात पूर्वी जो साठ वॉटचा पिवळा बल्ब असायचा, तो सुमारे ७०० ल्यूमेनचा. हे दोन आकडे लक्षात ठेवा, दुकानात कामाला येतील.

मग एलईडी आली. लाल आणि हिरवी एलईडी फार आधीपासून होती, पण निळी काही केल्या जमत नव्हती. ती इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून साध्य झाली आणि त्याबद्दल त्यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. तुमच्या बॅटरीची काच काढून आत पाहिलं तर बंद असताना जो पिवळा चौकोन दिसतो, तो हाच थर. या एका शोधाने गरिबाच्या हातातला उजेड कितीतरी पटींनी वाढला, हे कबूल केलंच पाहिजे.

पण उजेड वाढला तशा थापाही वाढल्या. खोक्यावर लिहिलेलं असतं, 'दहा हजार ल्यूमेन'. आता हिशेब करा. दहा हजार ल्यूमेन म्हणजे साठ वॉटचे चौदा बल्ब. तळहाताएवढ्या बॅटरीत, तीनशे रुपयांत चौदा बल्बांचा उजेड? तेवढा उजेड खरोखर निघाला तर बॅटरी हातात धरवणार नाही इतकी तापेल. खोक्यावरचा हा आकडा वाचायचाच नाही.

दुसरी थाप असते अंतराची. मध्यंतरी एका दुकानात एक तरुण मला उत्साहाने म्हणाला, "चाचा, हाई बॅटरी एक किलोमीटर फेकस!" मी म्हटलं, "एक किलोमीटरवर तुनं काय काम शे?" तो हसला. पण प्रश्न गमतीचा नव्हता. उजेडाचं अंतर मोजण्याची जी मान्य पद्धत आहे, त्यात जिथे उजेड पाव लक्सवर येतो तिथपर्यंतचं अंतर धरतात. पाव लक्स म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. म्हणजे एखाद्या चांगल्या कंपनीने खरं बोलून 'तीनशे मीटर' असं लिहिलं, तरी तीनशे मीटरवर तुम्हाला चांदण्यात दिसतं तेवढंच दिसणार. शिवाय अंतर दुप्पट करायचं तर उजेडाची धार चारपट लागते. ही धार आणायला सगळा उजेड एका बारीक झोतात कोंबावा लागतो. झोत दूर जातो आणि पायाशी अंधार राहतो. दिव्याखाली अंधार ही म्हण समईवरून आली असेल, पण दूर फेकणाऱ्या बॅटरीला ती जास्त लागू पडते.

मग लागतो किती उजेड? चालणाऱ्या माणसाला पुढची तीन पावलं स्वच्छ दिसायला हवीत. दोन मीटर रुंदीचं वर्तुळ धरू. त्यावर ५० ल्यूमेन पसरले तर जमिनीवर साधारण १६ लक्स पडतात. पौर्णिमेच्या साठपट. एवढ्यात फुरसं दिसतं, विंचू दिसतो, तुटून पडलेली वायर दिसते, पाटाचं पाणी कुठे फुटलं ते दिसतं. म्हणजे लागतात पन्नास ते शंभर ल्यूमेन, पण ते पसरलेले हवेत आणि रात्रभर टिकणारे हवेत.

'रात्रभर' हा शब्द महत्त्वाचा आहे. बॅटरीतला उजेड सेलमधून येतो आणि सेल म्हणजे पाण्याची टाकी. हल्लीच्या चार्जिंगच्या बॅटरीत बहुधा बोटापेक्षा जाड असा लिथियमचा सेल असतो. त्याला '१८६५०' म्हणतात, कारण तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. त्याची क्षमता एमएएचमध्ये लिहितात. स्वस्त पण प्रामाणिक सेल दोन हजारांच्या आसपासचा असतो, उत्तम कंपनीचा साडेतीन हजारांपर्यंत जातो. त्यावर कुणी '९९००' लिहिलं असेल तर तो सेल खोटं बोलतो आहे, एवढ्या आकारात तेवढं मावतच नाही. अस्सल सेलचं वजन पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतं. खोटा सेल हातात घेतला की पोकळ, हलका लागतो. सोनाराकडचा छोटा काटा मिळाला तर वजन करून बघा.

दोन हजारांच्या सेलचा हिशेब सांगतो. त्यात साधारण साडेसात वॉट-तास वीज असते. साध्या बॅटरीतली एलईडी एका वॉटला शंभर ल्यूमेनच्या आसपास देते. म्हणजे एकूण साठा झाला साडेसातशे. तो पन्नास ल्यूमेनने खर्च केला तर कागदावर पंधरा तास, आणि मधली गळती धरली तरी दहा तास पुरेल. दहा तास म्हणजे रात्रीच्या विजेची पूर्ण पाळी. तोच साठा हजार ल्यूमेनने उधळला तर पाऊण तासात टाकी कोरडी. मग उरलेली रात्र मोबाइलच्या उजेडात काढायची, आणि मोबाइलचीही बॅटरी संपली की कुणाला हाक मारायचीही सोय नाही. म्हणून बॅटरी घेताना पहिला प्रश्न 'उजेड किती?' हा विचारू नका. 'कमी उजेडाची पायरी आहे का, आणि ती किती तास चालते?' हा विचारा. खोक्यावरच्या तासांतही एक मेख असते. मोजण्याच्या पद्धतीत उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. म्हणजे 'आठ तास' लिहिलं असेल तर आठव्या तासाला काजवा उरलेला असू शकतो. घरी आणल्यावर एका संध्याकाळी बॅटरी भिंतीकडे तोंड करून लावून ठेवा आणि तासातासाला पाहा. खरा आकडा तुमच्याच भिंतीवर कळेल.

आता झोताचा आकार. बाजारात पुढे-मागे सरकणाऱ्या काचेची बॅटरी खूप खपते. काच पुढे ओढली की झोत बारीक होतो आणि भिंतीवर एक चौकोनी ठिपका पडतो. तो चौकोन म्हणजे आतल्या एलईडीचंच चित्र. दिसायला गंमत वाटते, पण बारीक झोतात पुष्कळ उजेड काचेच्या आतल्या आतच वाया जातो. सरकणाऱ्या भागातून पाणी आणि धूळही आत शिरते. शेतातल्या माणसासाठी साधी, खोलगट चकचकीत वाटीची बॅटरी चांगली. त्या वाटीला रिफ्लेक्टर म्हणतात. त्यातून मध्ये एक ठळक गोल पडतो आणि त्याभोवती मंद उजेडाचं मोठं कडं पडतं. ठळक गोलाने पुढचं दिसतं, कड्याने पायाजवळचं दिसतं. वाटी आतून संत्र्याच्या सालीसारखी किंचित खडबडीत असेल तर उजेड आणखी मऊ पसरतो.

रंगही पाहावा. निळसर पांढरा उजेड डोळ्यांना झगझगीत वाटतो, म्हणून तोच जास्त खपतो. पण त्यात तपकिरी रंगांमधला फरक बुजतो. मातीवरचं फुरसं आणि माती यांतला फरक आपल्याला हवा आहे. किंचित पिवळसर पांढरा उजेड मिळाला तर तो घ्यावा. नाही मिळाला तर अडत नाही.

आणखी एक मार्ग आहे, डोक्याला बांधायच्या बॅटरीचा. दोन-तीनशे रुपयांत बरी मिळते. एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात काठी असेल तर बॅटरी तिसऱ्या हातात कुठून धरणार? वाफ्याचं दारं मोडायला, फ्यूज पाहायला, ठिबकची गाळणी धुवायला डोक्यावरचा उजेड फार सोयीचा. बिबट्याच्या दृष्टीनेही तो बरा. उजेड आपल्या डोळ्यांजवळून गेला की जनावराचे डोळे चटकन चमकून दिसतात. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, तेव्हापासून आपल्या भागात रात्री शेतात जाताना ही धास्तीही बरोबर असते. मात्र डोक्यावरच्या उजेडाचं एक न्यून आहे. उजेड डोळ्यांजवळूनच निघतो, म्हणून वस्तूंची सावली आपल्याला दिसत नाही आणि जमीन सपाट भासते. तीच बॅटरी हातात, गुडघ्याच्या उंचीवर धरली की दगडाची, काडीची, सापाची लांब सावली पडते आणि नजर तिथे अडते. म्हणून चालताना बॅटरी हातात खाली धरा आणि काम करताना डोक्याला बांधा. खिशाला परवडत असेल तर पाचशेची एक दिमाखदार घेण्यापेक्षा अडीचशेच्या दोन घ्याव्यात, एक हातातली आणि एक डोक्यावरची. एक बंद पडली तर दुसरी घरी आणते. हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे.

दुकानात उभं राहून काय काय तपासायचं, ते थोडक्यात सांगतो. पहिलं, बटण. ते अंधारात, ओल्या हाताने सापडायला हवं. उजेडाच्या दोन-तीन पायऱ्या पुरेत. लुकलुकणारा उजेड, 'एसओएस' वगैरे पाच-सहा प्रकार असले की ऐन वेळी हवी ती पायरी येईपर्यंत बटण दाबत बसावं लागतं. दुसरं, अंग. धातूचं अंग उष्णता बाहेर टाकतं, बंद प्लास्टिकमध्ये जास्त उजेडाची एलईडी तापून लवकर मंदावते. दुकानातच पाच-दहा मिनिटं पूर्ण उजेडावर लावून पाहा. अंग कोमट व्हायला हवं, चटका बसायला नको. तिसरं, सेल बदलता येतो का? अंग कायमचं बंद असेल तर सेल मेला की बॅटरी मेली. झाकण फिरवून सेल काढता आला तर तीच बॅटरी पुढे कित्येक वर्षं चालते. चौथं, सेलवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. लिथियमचा सेल खराब निघाला तर पेट घेऊ शकतो, तिथे पन्नास रुपये वाचवू नयेत. पाचवं, झाकणाच्या आट्यांवर काळं रबरी कडं आहे का? ते नसेल तर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल. सहावं, चार्जिंगची पिन तुमच्या मोबाइलच्या चार्जरला चालणारी आहे का? वेगळ्याच पिनेचा चार्जर हरवला की बॅटरी अडगळीत जाते.

घरोघरी दिसणारी दुसरी जात म्हणजे मागची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटात खोचायची बॅटरी. यातल्या कित्येकांत शिशाची बॅटरी असते, मोटारसायकलीत असते त्याच जातीची, फक्त लहान. तिचा स्वभाव वेगळा. ती रिकामी पडून राहिली तर मरते. दिवाळीनंतर फडताळात टाकली आणि जूनमध्ये काढली की ती चालत नाही, मग आपण कंपनीला शिव्या देतो. महिन्यातून एकदा तिला पूर्ण चार्ज करा. लिथियमची बॅटरी मात्र बराच काळ ठेवायची तर अर्धी भरून, सावलीत ठेवा. फुगलेला सेल वापरू नका आणि जाळातही टाकू नका. आणि साध्या सेलची बॅटरी असेल तर काम संपल्यावर सेल बाहेर काढून ठेवा. ते पाझरले की आतल्या पत्र्या खातात. साध्या सेलची बॅटरी टाकाऊ नाही, हेही सांगतो. जिथे दोन-दोन दिवस वीज नसते तिथे दुकानातून आणलेले दोन सेल हाच भरवशाचा उजेड असतो.

रेल्वेकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आमच्या स्टेशनावरून रुळांच्या कडेने रात्री गस्तीवाले चालत जातात, विशेषतः पावसाळ्यात. त्यांच्या हातातला दिवा रंग बदलतो, कारण त्यांचं काम फक्त बघण्याचं नाही, ड्रायव्हरला खूण करण्याचंही आहे. रेल्वेने दिवा निवडताना कामाकडे पाहिलं. आणि दुसरं म्हणजे, तो दिवा गस्तीवाल्याने आपल्या पगारातून विकत आणावा असं रेल्वे म्हणत नाही. दिवा हे कामाचं हत्यार आहे, ते काम देणाऱ्याने द्यायचं.

शेतात काय होतं? आपल्याकडे सालदार असतो. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, त्याचं साल ठरतं. धान्य किती, रोख किती, कपडे किती, चपला किती, सगळं बोलून होतं. पूर्वी त्यात घोंगडी असायची. रात्रीच्या पाण्याला बहुतेक वेळा तोच जातो. मालकाच्या मोटारीला हजारो रुपयांचा स्टार्टर असतो, वीज येताच ती आपोआप सुरू होईल असं यंत्रही असतं. आणि सालदाराच्या हातात मोबाइलचा उजेड असतो, तोही वीस टक्क्यांवर आलेला. मोबाइलचा दिवा हातभर अंतरावरची किल्ली शोधायला ठीक आहे. त्याला वाटी नाही, झोत नाही. पाऊस आला की तो खिशात जातो, चिखलात पडला की गेला. त्याच्या भरवशावर कुणाला रात्री शिवारात पाठवणं बरं नव्हे.

मी हे कुणावर बोट ठेवायला म्हणत नाही. मालकही काही सुखात नाही, कापसाचा भाव त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण पाचशे रुपये ही रक्कम फवारणीच्या एका बाटलीपेक्षा कमी आहे. येत्या आखाजीला साल ठरवताना धान्य, रोख, कपडे यांच्या यादीत 'एक बॅटरी, एक जोडी गमबूट' एवढे शब्द घातले तर ते कुणालाही जड जाणार नाहीत. आणि सालदाराने ते मागितले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. चप्पल मागतो तसंच आहे ते. घरातल्या बायाबापड्याही पहाटे अंधारात बाहेर जातात, गोठ्यात जातात. घरातली एकुलती एक बॅटरी बाप्याच्या उशाशी असते. तीही दाराजवळच्या खिळ्याला, सगळ्यांच्या हाताशी लटकलेली असावी.

आणि एवढं करूनही दंश झालाच, तर काय करावं हेही सांगून ठेवतो, कारण बॅटरी हा काही मंत्र नव्हे. दोरी आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याकडची प्रतिविषाची लस त्या चारही प्रमुख सापांवर चालते. दुखत नाही, सूज नाही म्हणून थांबू नका. मण्यारीबद्दल मघाशी बोललो, ते विसरू नका.

आम्ही कवी मंडळी उजेडावर फार लिहितो. सूर्य, चंद्र, तारे, दीपस्तंभ, चिराग. कवितेतला उजेड बहुधा दूरचा असतो, क्षितिजावरचा. दुकानातही आपण तसाच दूरचा उजेड मागतो आणि दुकानदार तो विकतो. पण रात्री बांधावरून चालणाऱ्या माणसाला क्षितिज बघायचं नसतं. त्याला पुढची तीन पावलं बघायची असतात, आणि ती झाली की त्यापुढची तीन. तेवढा उजेड पाचशे रुपयांत मिळतो, पहाटेपर्यंत टिकतो. फक्त तो मागायचा कसा, हे आपल्याला माहीत हवं. आणि ज्याला आपण अंधारात पाठवतो त्याच्या हातात तो आहे का, हे त्याला पाठवायच्या आधी बघायला हवं.